मातीच्या रंगात लिहिलेले सोलापूरच्या जमिनीचे वर्तमान

भीमा व सीना नद्यांच्या काठची काळीभोर जमीन, माळावरील तांबूस मुरूम, नांगराच्या फाळाबरोबर वर येणारी चुनखडी आणि विहीर खणताना खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे हिरवे-पांढरे खडे, हे सारे रंग सोलापूर जिल्ह्यात बहुतांशी एकाच काळ्या पाषाणापासून उत्पन्न झाले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या तप्त शिलारसाचे थर साचून हा पाषाण बनला.

रंगाचे मूळ लोहात

या पाषाणात लोह पुष्कळ असते. अखंड खडकात त्याचा प्राणवायूशी पूर्ण संयोग झालेला नसतो. म्हणून खडक काळा दिसतो. हवा व पाणी लागले म्हणजे लोखंडाप्रमाणे तेही गंजते आणि मुरूम तांबडा वा पिवळसर होतो. पोकळ्यांतील ज्या खड्यांत लोह जवळजवळ नसते ते पांढरे राहतात; अनेक हिरव्या खड्यांचा रंगही लोहाचाच होय.

पृथ्वीच्या आरंभकाळी हवेत मुक्त प्राणवायू नव्हता. पाण्यातील सूक्ष्म जीवांनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तो निर्माण केला व सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. त्यानंतरच जमिनीवर तांबडे थर विपुल झाले. ज्ञात खनिजांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकार जीवसृष्टीच्या प्रभावाने उद्भवले असावेत, असे रॉबर्ट हेझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडले. चंद्रावरही असाच पाषाण आहे. परंतु तेथे हवा व पाणी नसल्याने १९६९ साली आणलेले त्याचे नमुने काळपट करडेच होते.

रंग पाहून काय ओळखावे?

काळी जमीन म्हणजे सेंद्रिय द्रव्याने समृद्ध जमीन, हा समज बरोबर नाही. चिकणमातीशी घट्ट बांधलेले थोडेसे सेंद्रिय द्रव्यही माती काळी करते. म्हणून काळ्या जमिनीसही शेणखत हवेच.

काळ्या शेतात पांढरे वा तांबूस पट्टे दिसू लागले, तर वरची माती वाहून जात आहे असे समजावे. मातीचा एक बोटभर थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो धुपून जाण्यास काही पावसाळे पुरतात. अशा ठिकाणी उताराला आडवी मशागत व बांधबंदिस्ती विनाविलंब करावी.

चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकास मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारल्यास पिकास लोह मिळते. कालव्याखालील माती खणल्यावर निळसर करडी दिसल्यास पाणी साचून प्राणवायू तुटला आहे असे जाणून निचऱ्याचे चर काढावेत.

रंगाबरोबर खोलीही पाहावी

सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन झाले. जमिनीच्या खोलीप्रमाणे पीक व वाण निवडावे, ही तेथील महत्त्वाची शिफारस आहे. रब्बी ज्वारीसाठी ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीत फुले अनुराधा, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा वा मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल जमिनीत फुले वसुधा हे वाण योग्य ठरतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी शेतकऱ्यांसमवेत प्रत्येक शेतात दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत. काळा थर किती खोल आहे व त्याखाली मुरूम लागतो की चुनखडी, याची नोंद ठेवावी. दरवर्षी ती पडताळून पाहिल्यास माती जागेवर आहे की निघून चालली आहे, हे वेळीच कळेल.