पिशवीतली लपलेली कावीळ

ईद-ए-मिलादला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात, तरुण रांगा लावतात. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण रक्त तपासले म्हणजे सगळा धोका टळला, असे नाही.

अहिल्यानगर असो की लोणी, रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची 5 आजारांसाठी तपासणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस, मलेरिया. हिपॅटायटिस बीसाठी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा अंश शोधतात. काहींच्या रक्तात तो सापडत नाही, विषाणू मात्र यकृतात दडून असतो. दाता धडधाकट, अहवाल निगेटिव्ह, पिशवी पुढे जाते. विषाणूची जनुके शोधणारी 'नॅट' चाचणी महाग आहे आणि सक्तीच्या यादीत नाही.

याची झळ सर्वाधिक थॅलेसेमियाच्या लेकरांना. त्यांना दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त लागते. नागपुरात अशा 4 मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याचे मे 2022 मध्ये उघड झाले. त्यातले एक दगावले.

म्हणून फॉर्मवर कावीळ, गोंदण, जुनी सुई यांबद्दल खरे लिहा. मित्रांसमोर लाज वाटली तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. खतना करताना नवे ब्लेड मागा, संकोच नको. बाळाला हिपॅटायटिस बीची लस जन्मानंतर 24 तासांत मिळते, सरकारी दवाखान्यात मोफत. आणि घरच्या माणसासाठी रक्त आणताना 'नॅट' झाली आहे का, हे पेढीत विचारा.