गंगाकाठच्या वह्या

निफाड तालुक्यात थंडीचा कडाका पडला म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रांतून झळकू लागतो आणि द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार उत्तररात्री बागांतून शेकोट्या पेटवतात. त्या धुराचा निळसर पट्टा उजाडता उजाडता नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर आडवा पसरतो आणि त्याखालून, अजून एकही पक्षी डोळ्यांना दिसलेला नसताना, वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा कलकलाट कानी येऊ लागतो. 1987 सालापासून हिवाळ्यातल्या बहुतेक रविवारी मी त्या घटकेला दुर्बीण आणि वही घेऊन या काठावर उभा राहत आलो आहे. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत साऱ्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या, वाळवीने कुरतडलेली पाने जपून सोडवली आणि पहिल्यापासून अनुक्रमाने वाचून काढल्या.

वाचताना मन खिन्न झाले. पहिल्या वहीत रोहित पक्ष्यांच्या एका लहानशा थव्याने दीड पान अडवले आहे. त्यांच्या पंखांतली लाली, मान वळवण्याची ढब, उडाले ती दिशा, सारे तपशीलवार आहे. त्याच पानाच्या तळाशी ‘वारकरी पुष्कळ, थापटे पुष्कळ’ एवढीच नोंद. पाच वर्षे तारीखवार हेच ‘पुष्कळ’. आज एखादा विद्यार्थी येऊन विचारतो, ‘गुरुजी, त्या काळी इथे थापट्या बदके किती असत?’ तेव्हा माझ्या दफ्तरात त्याला द्यावयास दाखला नाही. जे दुर्मीळ होते ते मी टिपले आणि ज्यांच्यावर या पाणवठ्याचा संसार चालला होता त्यांची मोजदाद करायची राहून गेली, याचे शल्य मला अजून आहे.

हा पाणवठा मुळात निसर्गनिर्मितही नव्हे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी पाटबंधाऱ्यासाठी बांध घातला गेला, उजव्या-डाव्या कालव्यांनी खालचा जिराईत मुलूख भिजू लागला आणि बांधामागे वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती यांचा असा काही मिलाफ घडवला की उत्तरेकडच्या बदकांना तो आपला वाटावा. हिशेबाच्या दृष्टीने जो गाळ म्हणजे जलाशयाची तूट, तोच चमचे आणि शेकाटे या पक्ष्यांचे अन्नछत्र ठरला. 1986 मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले. 2020 च्या जानेवारीत पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले आणि महाराष्ट्राला तो मान प्रथमच मिळाला. 1971 साली इराणातल्या रामसर गावी झालेल्या कराराचे नाव काठावरच्या चापडगावच्या पोरांच्या तोंडी खेळू लागले आणि त्यांतली काही पोरे आज पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

मोजायला मी शिकलो तो जानेवारीतल्या पाणपक्ष्यांच्या गणनेमुळे. आशियातल्या अनेक देशांतून एकाच सुमारास होणारी ही खानेसुमारी आपल्याकडे 1987 मध्येच सुरू झाली होती; मी तिच्यात सामील झालो तो बऱ्याच उशिराने. थव्याच्या कडेचे दहा पक्षी नीट मोजावेत, त्या दहांनी व्यापलेली जागा नजरेत धरावी आणि तेवढ्या मापाने सारा थवा पार करावा, अशी ती रीत. सोपी वाटते, पण पाण्यावर ऊन चढून चकाकी आली की माप हातचे सुटते, म्हणून तर पहाट साधायची.

वहीत पाण्याची पातळी लिहिण्याचा रकाना मात्र एका वृद्ध मच्छीमाराची देणगी. होडी ओढून घेता घेता ते म्हणाले होते, ‘गुरुजी, तुम्ही पाखरं लिहिता अन् गंगा लिहीतच नाही. आवर्तन सुटलं की चमचे जातात, उतरलं की परत येतात.’ गंगा म्हणजे आमची गोदावरीच. त्या दिवसापासून तिची पातळी लिहू लागलो, आणि ज्या अनुपस्थितीचे खापर मी उगाच शिकाऱ्यांवर फोडत आलो होतो, तिची अर्धीअधिक कारणे वरच्या धरणांच्या आवर्तनांत सापडली. उरलेल्यांपैकी पुष्कळशी जलपर्णीत आहेत. शहरी सांडपाण्यावर पोसलेली ती हिरवी चादर एकदा पसरली की पोहणाऱ्या बदकांना मोकळे पाणीच उरत नाही.

एक सकाळ मात्र वही न उघडताही आठवते. दलदलीतला भोवत्या हा शिकारी पक्षी पंख उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून धरून लव्हाळ्यावरून संथपणे येत होता. विखुरलेले वारकरी, ते काळेभोर देह आणि कपाळावरचे पांढरे टिळे, चहूंकडून एकमेकांकडे पोहत निघाले आणि पाहता पाहता त्यांचा एकच घट्ट काळा गठ्ठा झाला. भोवत्या घिरट्या घालीत राहिला, गठ्ठा त्याच्याबरोबर थोडाथोडा सरकत राहिला. अखेर कडेचा एक पक्षी घाबरून पाण्यावर पाय आपटीत धावत सुटला आणि भोवत्या त्याच्याकडे वळला. तो वाचला, लव्हाळ्यात शिरला. मी मोजू लागलो तेव्हा गठ्ठा पुन्हा विस्कटला होता.

अलीकडे अनेकजण मोबाईलवर ई-बर्डमध्ये यादी भरतात आणि ती क्षणात साऱ्यांच्या उपयोगी पडते. ते उत्तमच आहे. मी वहीवर लिहितो आणि संध्याकाळी पुतणीकडून त्यात भरून घेतो. जे दिसले नाही त्याच्यापुढे वहीत शून्यही मांडतो, कारण कोऱ्या जागेचा अर्थ पुढे कोणालाच लागत नाही.

गेल्या रविवारचे पान असे आहे: धुके, वारा नाही, पाणी बांधाच्या कड्याखाली दीड हात, चमचे शून्य, वारकरी दोनशे चाळीस, थापटे पस्तीस, आणि निघता निघता वन खात्याच्या फाटकावर सहा चिमण्या, ज्यांचा पहिल्या अकरा वह्यांत एकदाही उल्लेख नाही.