पहाटेचा धबधबा आणि मोबाइलचा फोटो

पावसाळ्यात आम्ही गटातल्या सहाजणी प्रवरेच्या काठाने रंधा धबधब्याचे फोटो काढायला गेलो.

पहाटेच का? ऊन चढलं की पांढरं पाणी फोटोत नुसतं चकाकतं. कोवळ्या उजेडात धार न् धार वेगळी दिसते. मात्र उजेड कमी असताना हात हलला की फोटो पुसट येतो. कोपरं अंगाशी घट्ट धरा. तुषारांनी काच ओली होते. सुती फडकं जवळ ठेवा.

एकीला खाली खडकावर उतरायचं होतं. आम्ही अडवलं. वरच्या अंगाला भंडारदरा धरण आहे. इथे पाऊस नसला तरी धरणातून पाणी सोडलं की नदी फुगते. पाणी गढूळलं, काटक्या वाहू लागल्या, की काठ सोडा.

आम्ही कठड्याआडूनच फोटो काढले. छान आले!