वही बंद करून सांगा

"समजलं का?" असं विचारलं की सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. पातूरमध्ये शिकवताना कित्येक वर्षं मीही त्या होकारावर विसंबून पुढचा धडा काढत आले.

एकदा सहावीत अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली. सगळे "हो" म्हणाले. दोन महिन्यांनी परीक्षेत एका अबोल मुलीने लिहिलं : १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं की पहिल्या दिवसापासून ती असंच करत होती. मधल्या काळात 'गणित आपल्याला जमत नाही' असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. चूक तिची होती. ती वेळेवर न पाहण्याची चूक माझी.

तेव्हापासून तासाची शेवटची दहा मिनिटं मी राखून ठेवते. वह्या-पुस्तकं बंद. कधी प्रत्येकानं चिठ्ठीवर आज कळलेली एक गोष्ट आणि न कळलेली एक गोष्ट लिहायची. कधी जोडीजोडीनं एकमेकांना प्रश्न विचारायचे. कधी मीच फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिते आणि मुलांनी चूक शोधायची. २/५ लिहिलं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर भाकर अर्ध्यापेक्षा कमी कशी होईल?" मग कागदाची पट्टी दुमडून सगळ्यांनी ५/६ काढलं. या कामाला गुण नाहीत, म्हणून चुकायची भीतीही नाही.

हे नियमाबाहेरचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात लेखी चाचणी हे अनेक साधनांपैकी एक आहे; निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्पही आहेत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो.

आपल्या घरांना ही रीत नवी नाही. हिफ्ज करणारं मूल नव्या सबकाबरोबर आमोख्ताही, म्हणजे मागचं पाठ केलेलंही, न पाहता उस्तादांना ऐकवतं. अडखळलं की तिथल्या तिथे दुरुस्ती होते. शाळेच्या अभ्यासाला मात्र आपण परीक्षेपर्यंत थांबतो.

म्हणून अम्मी-अब्बांना एक विनंती. "किती मार्क पडले?" याआधी रोज विचारा, "आज काय शिकलास? वही बंद करून मला सांग." त्यासाठी आपण शिकलेलं असायलाच हवं असं नाही. मूल कुठे अडलं हे ऐकणाऱ्याला कळतंच. तिथे रागावू नका. तेवढं उद्या बाईंना विचारायला सांगा.

त्या मुलीची परवाची चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे : "बेरीज कळली. पण अपूर्णांकाला अपूर्णांकानं गुणलं की उत्तर लहान का होतं?" उद्याचा तास तिथूनच सुरू करणार आहे.