आळीची राखण कोणीं करावी?

पेठेंत एखादें दुकान फुटलें कीं दुसऱ्या दिवशीं सर्व व्यापारी एकत्र जमतात, पोलिसांस यथेच्छ दोष देतात, आणि तिसऱ्या दिवशीं ज्याचा तो आपल्या गल्ल्यावर जाऊन बसतो. पोलिसांचा दोष नसतोच असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कोणतें घर महिनाभर बंद आहे, कोणाचे वृद्ध आईबाप एकटे राहतात, बोळांतील दिवा कधींपासून विझलेला आहे, ह्या गोष्टी शेजाऱ्यांस ठाऊक असतात. चौकींतील शिपायास त्या स्वप्नांत कळावयाच्या काय?

ह्या कामीं भिवंडीचें उदाहरण आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. १९७० व १९८४ सालच्या दंग्यांनीं तें यंत्रमागांचें गांव होरपळून निघालें होतें. १९८८ पासून तेथील पोलिस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे ह्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या स्थापल्या. हिंदु व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील साधीं माणसें पोलिसांबरोबर बसूं लागलीं. पुढें १९९२-९३ सालीं शेजारची मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. दंगा आणि घरफोडी ह्या भिन्न गोष्टी आहेत हें आम्ही जाणतों. पण रहिवाशांचा एकमेकांशीं व चौकीशीं नित्याचा परिचय दोहोंवरही उपयोगी पडतो.

आतां राखणीच्या मर्यादेविषयीं. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आपल्या समक्ष करणाऱ्या इसमास कोणाही नागरिकास अटक करतां येते. हा अधिकार जुन्या फौजदारी संहितेंत होता, व १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्येंही आहे. मात्र अटक केलेल्या मनुष्यास विनाकारण विलंब न लावतां, सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे, असें नवा कायदा सांगतो. ‘आपल्या समक्ष’ हे शब्द दुकानदार मंडळींनीं दोनदां वाचावे. वेष निराळा दिसला, भाषा परकी वाटली, एवढ्यावरून कोणास धरण्याचा अधिकार नाहीं. आणि हातीं आलेल्या मनुष्यास मारण्याचा अधिकार तर पोलिसांसही नाहीं.

हें आम्ही उगाच लिहीत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस जमावानें ठेंचून मारलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें दोन साधू व त्यांचा मोटारचालक अशाच अफवेस बळी पडले. त्या जमावांतील कित्येकांस आपण गांवाची राखणच करीत आहों असें वाटत असेल! परकीय सरकारनें १८७१ सालीं केलेल्या कायद्यानें जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण चोरी होतांच पहिला संशय पालावरच्या पारध्यावर घेण्याची आमची खोड कांहीं रद्द झाली नाहीं.

तेव्हां राखण करावयाची ती डोळ्यांनीं व कानांनीं. परगांवीं जाणाऱ्यानें शेजाऱ्यास सांगून जावें, दिव्यासाठीं नगरपालिकेकडे दहा घरांनीं मिळून लेखी अर्ज करावा, मोबाइलवर आलेली बातमी खातरी केल्यावांचून पुढें धाडूं नये, आणि प्रसंग दिसतांच ११२ क्रमांक फिरवावा.

राहिली फिर्याद. खेटे पडतील ह्या भीतीनें पुष्कळ व्यापारी ती देतच नाहींत, आणि चोराचें त्यांतच फावतें. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते, व तिची नक्कल विनामूल्य मिळते. ठाणेदारानें नोंदण्याचें नाकारल्यास तीच खबर पोलिस अधीक्षकांकडे टपालानें पाठवावी; तेथेंही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतां येतो. टपालाची पावती तेवढी जपून ठेवावी.