महाधमनीचा फुगा: निर्णय मिलिमीटरांचा

डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. पोट उघडल्यावर शल्यविशारद रूडॉल्फ निसेन यांना महाधमनीला मोठा फुगा आल्याचे दिसले. त्यांनी तो सेलोफेनने गुंडाळला. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटून आइनस्टाइन यांचे निधन झाले. तेव्हा ज्या निदानासाठी पोट उघडावे लागले, ते आज साध्या सोनोग्राफीत काही मिनिटांत होते.

हृदयातून निघणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर वा अधिक झाला की फुगा समजतात. हा फुगा बहुधा दुखत नाही आणि धोका नेमका तेथेच आहे. इंग्लंडमध्ये म्हणूनच वयाच्या ६५ व्या वर्षी पुरुषांना या सोनोग्राफीसाठी सरकारी आरोग्यसेवेकडून बोलावणे जाते. पुरुषांमध्ये व्यास साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर ठरावीक काळाने मोजमाप. निर्णय असा मिलिमीटरांवर अवलंबून असल्याने प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने मोजणे आवश्यक ठरते. रुग्णाने केवळ अहवालाचा कागद नव्हे, तर जुन्या फिल्म आणि सीडीही जपून ठेवाव्यात.

छातीत मात्र फुप्फुसांतील हवा ध्वनिलहरींच्या आड येते. एकोकार्डिओग्राफीत महाधमनीचा हृदयालगतचा भाग दिसतो. पुढच्या भागासाठी सीटी अँजिओग्राफी लागते. हाताच्या शिरेतून आयोडिनयुक्त द्रव्य सोडून काही सेकंदांत संपूर्ण महाधमनीचे चित्र मिळते. नळी घालून केलेल्या जुन्या अँजिओग्राफीत फक्त वाहते रक्त दिसे. फुग्यात आतून रक्ताची गुठळी साचली असेल, तर तो प्रत्यक्षाहून लहान भासे. सीटीत भिंतही दिसते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास हे द्रव्य जपून वापरावे लागते.

सीटीची खरी कसोटी लागते ती महाधमनीचे अस्तर चिरले जाते तेव्हा. छातीत किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येते आणि ती हृदयविकाराचा झटका वाटू शकते. अमेरिकन अभिनेते जॉन रिटर यांच्यावर २००३ मध्ये प्रथम झटका समजूनच उपचार झाले होते. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. झटक्यात दिले जाणारे गुठळी विरघळविणारे औषध येथे जीवघेणे ठरू शकते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मारफान सिंड्रोमसारख्या आनुवंशिक विकारात तरुणपणापासून आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतात, त्यांना ती सोयीची. मात्र तिला बराच वेळ लागतो. अत्यवस्थ रुग्णासाठी सीटीच बरी.