नादिया, रिप्ली आणि 'हे पटत नाही'

'एकटी बाई दहा गुंडांना लोळवते, हे पटत नाही,' असं कुणी म्हणालं की मी आधी नादियाचं नाव घेतो. मूळची मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. सर्कशीत काम केलेली ही बाई मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनमध्ये आली आणि होमी वाडियांच्या 'हंटरवाली'नं (१९३५) तिला स्टार केलं. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (१९३६) ती रेल्वेच्या टपावर मारामारी करते. स्टंट ती स्वतः करायची. तिचे भरदार खांदे पाहिले की ही माणूस उचलून फेकेल, यावर विश्वास बसतोच!

पण मला वाटतं, पडद्यावरचं वास्तव नुसतं किलोंच्या हिशेबात नसतं. दमणं, घाबरणं, मार लागणं दिसायला हवं. केसही न विस्कटता जिंकणारी नायिका मला खोटी वाटते, आणि तसा नायकही तितकाच.

रिडली स्कॉटच्या 'एलियन'मधली (१९७९) रिप्ली घ्या. जखमी सहकारी अंतराळयानाच्या दाराशी आणलाय, तरी संसर्गाच्या धोक्यामुळे ती विलगीकरणाचा नियम सांगून दार उघडायला नकार देते. ठोसा नाही, बंदूक नाही. मला ती तिथेच पटते.